बॉक्स खाली, पडदा वर: मधल्या पंधरा मीटरसाठी केबल कोणती?

ताईच्या नाशिकमधल्या पाथर्डी फाट्यावरच्या नव्या रो-हाऊसची वास्तुशांत झाली, त्या संध्याकाळची गोष्ट. पंगती उठल्या आणि तीस-एक माणसं वरच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसली. दाजींनी मोठ्या हौसेने प्रोजेक्टर लावून घेतला होता आणि त्यावर त्यांच्या लग्नाचा जुना व्हिडिओ बघायचा बेत होता. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंगचा बॉक्स असं सगळं खाली हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटात, प्रोजेक्टर वर, आणि मधे प्लास्टरखालून गेलेली, चित्र आणि आवाज नेणारी 15 मीटरची एचडीएमआय केबल.

सेट-टॉप बॉक्स लावला तर चित्र स्वच्छ. मग दाजींनी स्ट्रीमिंगचा बॉक्स सुरू केला. पडद्यावर आधी बारीक पांढरे ठिपके चमकायला लागले, काळ्या ओट्यावर रवा सांडावा तसे. मग चित्र गेलं. तीन-चार सेकंदांनी आलं, पुन्हा गेलं. कुणी म्हणालं प्रोजेक्टर बिघडला, कुणी म्हणालं व्होल्टेज कमी असेल. मी प्रोजेक्टर उतरवून खाली नेला, दीड मीटरच्या केबलने त्याच बॉक्सला जोडला, तर चित्र एकदम लख्ख. म्हणजे बॉक्स चांगला, प्रोजेक्टरही चांगला. दोष त्या 15 मीटरमध्ये होता, आणि ते 15 मीटर आता रंग दिलेल्या भिंतीच्या पोटात होते.

"म्हणजे आता परत भिंत फोडायची?" ताईने विचारलं. दोन दिवसांपूर्वीच रंगारी काम संपवून गेला होता.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनचं वायरिंग आणि नेटवर्क बघतो. तारा हा माझा रोजचा विषय आहे. त्या संध्याकाळपासून घर बांधणारा कुणी ओळखीचा भेटला की प्लास्टर व्हायच्या आधी मी हा विषय काढतोच. इंदिरानगर असो, गंगापूर रोड असो की मखमलाबाद, सगळीकडे गोष्ट एकच असते. फरशी, नळ, रंग यांवर महिनोन् महिने विचार होतो आणि टीव्हीची केबल शेवटच्या दिवशी 'एक लांबातली द्या' म्हणून येते. ती आणण्याआधी काय बघायचं, ते इथे सविस्तर सांगतो.

लांब केबलमध्ये नेमकं काय हरवतं

आधी एक कोडं सोडवू. त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्सचं चित्र छान येत होतं आणि दुसऱ्या बॉक्सचं येत नव्हतं. असं का?

फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. असं चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचं, तर एचडीएमआयच्या तारांवरून सेकंदाला जवळजवळ साडेचार अब्ज बिट धावतात. म्हणजे साधारण साडेचार गिगाबिट. 4के चित्रात ठिपके चौपट, त्यामुळे तेच 60 वेळा पाठवायचं तर ओझंही चौपट, जवळपास 18 गिगाबिट. हे ओझं तारांच्या तीन जोड्यांत वाटलं जातं. प्रत्येक जोडीतून सेकंदाला सहा अब्ज शून्य-एक.

इतक्या वेगाने तांब्याच्या तारेतून काही पाठवलं की तांबं वेगळंच वागतं. घरातली 50 हर्ट्झची वीज तारेच्या सगळ्या जाडीतून वाहते. पण 3 अब्ज हर्ट्झच्या आसपास प्रवाह तारेच्या फक्त वरच्या सालीतून सरकतो, आणि ती साल मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा थोडीशीच जाड असते. बाकीचं तांबं नुसतं पडून राहतं. वाट अरुंद झाली की अडथळा वाढतो आणि सिग्नल वाटेतच उष्णता होऊन विरतो. तारेभोवतीचं प्लास्टिकही थोडा सिग्नल पिऊन टाकतं. वेग जितका जास्त, तितकी ही गळती मोठी.

ही गळती वजाबाकीने होत नाही, भागाकाराने होते, आणि लांबीचं सगळं दुखणं इथेच आहे. समजा, 5 मीटरमध्ये सिग्नल निम्मा झाला. तर 10 मीटरला तो पाव उरतो आणि 15 मीटरला दोन आणे, म्हणजे आठवा भाग. लांबी तिप्पट केली म्हणून नुकसान तिप्पट, असा हिशोब इथे चालत नाही. म्हणून 5 मीटरची केबल उत्तम चालली, तर त्याच जातीची 15 मीटरची थोडी कमी उत्तम चालेल, असं धरून चालू नका. ती अजिबात चालणार नाही, असंही होऊ शकतं.

जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण बातम्या तरी कळायच्या. डिजिटलमध्ये तसं मधलं काही फारसं नसतं. पलीकडच्या टोकाला बसलेल्या चिपला एवढंच ठरवायचं असतं, की आलेला बिट शून्य आहे की एक. ओळखता येतंय तोवर चित्र शंभर टक्के बरोबर. ओळखायला चुका व्हायला लागल्या की पांढरे ठिपके. चुका आणखी वाढल्या की काळोख. ठिपके दिसणं म्हणजे आपण कड्याच्या अगदी टोकावर उभे आहोत.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. महागडी, सोन्याचा मुलामा दिलेली केबल चित्राचे रंग 'खुलवत' नाही. मुलाम्यामुळे प्लग गंजत नाही, ते चांगलंच आहे. पण बिट पोचला तर पूर्ण पोचला. दोन मीटरच्या अंतराला साधी, नीट बनवलेली केबल आणि पाचपट किमतीची केबल यांच्या चित्रात फरक नसतो. पैसे खर्च करायचेच तर ते लांबीच्या प्रश्नावर करा.

चित्राच्या वेगवान जोड्यांशिवाय एचडीएमआयच्या 19 पिनांमध्ये काही संथ ताराही असतात. प्लग लावला की बॉक्स आणि टीव्ही त्या तारांवरून आधी ओळख करून घेतात. टीव्ही सांगतो, मला अमुक आकाराचं चित्र चालतं. मग कॉपी होऊ नये म्हणून ठेवलेल्या कुलपाच्या किल्ल्या जुळवल्या जातात. त्याला एचडीसीपी म्हणतात, आणि 4केसाठी सहसा त्याची 2.2 आवृत्ती लागते. लांब केबलमध्ये हा संवाद तुटला तरी पडदा काळाच राहतो. दर काही सेकंदांनी चित्र येतंय-जातंय, तर बहुतेक वेळा ही ओळखपरेड पुन:पुन्हा फसत असते.

आता कोडं सुटलं. सेट-टॉप बॉक्स फुल एचडी पाठवत होता, 15 मीटरला तेवढं झेपत होतं. स्ट्रीमिंगचा बॉक्स मात्र 4के आणि 60 वर ठेवलेला होता. लग्नाचा व्हिडिओ जुना, साधा, कमी ठिपक्यांचा. पण बॉक्स हाती येईल ते चित्र ताणून 4के करूनच बाहेर सोडत होता. मी सेटिंगमध्ये जाऊन त्याला 1080 वर आणलं आणि पडदा लगेच शांत झाला. त्या रात्री सगळ्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला.

तुमच्याकडे असं होत असेल तर केबलवर शंका घेण्याची हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 4के 60 वरून 4के 30 किंवा 1080 करून बघा. चित्र स्थिरावलं तर दोष बहुधा केबलचाच.

किती मीटरपर्यंत साधी केबल

एचडीएमआयच्या मानकात 'अमुक मीटरपर्यंत' अशी मर्यादा लिहिलेलीच नाही. सिग्नल किती घटला तर चालेल एवढंच तिथे ठरवलेलं आहे, लांबी बनवणाऱ्याने सांभाळायची. त्यामुळे पुढचे आकडे व्यवहारातले समजा. फुल एचडीसाठी जाड तारेची चांगली केबल 10 मीटर बिनधास्त आणि 15 मीटर बऱ्याचदा चालते. 4के 60 साठी 5 मीटरपर्यंत निश्चिंत राहा. 7-8 मीटरला जाड आणि प्रमाणित केबल असेल तर जमतं, पण ते भिंतीत गाडण्याइतकं भरवशाचं नाही. गेम खेळायला 4के 120 किंवा 8के हवं असेल, तर ते ओझं 48 गिगाबिटपर्यंत जातं. तिथे साध्या तांब्याची धाव 3 मीटर, फार तर 5.

तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात लिहितात आणि तो आकडा उलटा चालतो. 24 ची तार जाड, 30 ची बारीक. लांब अंतराला लहान आकडा घ्या. पण जाड केबल कडक असते. ती टीव्हीच्या मागे काटकोनात दाबून बसवली की हळूहळू सॉकेटलाच ओढते, हेही बघायला हवं.

खोक्यावर काय वाचायचं? 'एचडीएमआय 2.1 केबल' असं छापलेलं असतं, पण 2.1 किंवा 2.0 हे आकडे मुळात यंत्रांच्या मानकाचे. 2.0 आलं 2013 साली, 2.1 आलं 2017 साली. केबलच्या जाती वेगळ्या नावांनी ओळखायच्या असतात. 18 गिगाबिटसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' आणि 48 साठी 'अल्ट्रा हाय स्पीड'. या दोन्हींच्या अस्सल खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. दुकानात उभ्या उभ्या ते स्कॅन करा. ताईच्या केबलवर नुसतं '4के' छापलेलं होतं. 4के तर 30 वरही असतं आणि त्याचं ओझं निम्मं असतं, त्यामुळे नुसत्या त्या दोन अक्षरांवरून काहीच कळत नाही.

अंतर मोजताना डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, सुतळी घ्या. ताईकडे कपाटापासून प्रोजेक्टरपर्यंत सरळ रेषेत आठ मीटरही नव्हतं. पण केबल सरळ रेषेत जात नाही. कपाटातून छतापर्यंत अडीच मीटर, छताखालून जिन्याच्या भिंतीपर्यंत चार, वरच्या मजल्याची भिंत चढायला तीन, वरच्या छताला साडेतीन, आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल. बेरीज 15. केबल ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने, कोपऱ्या-कोपऱ्याला दाबत सुतळी फिरवा आणि मग ती जमिनीवर सरळ करून टेपने मोजा. आखूड पडली म्हणून मधे जोड देऊन दोन एचडीएमआय केबली जोडायचा मोह होतो. तो टाळा, कारण प्रत्येक जोडाशी सिग्नल आणखी थोडा मार खातो.

चित्र दूर न्यायलाच हवं का

केबल विकत घेण्याआधी हा प्रश्न विचाराच. माझ्या मते निम्म्या घरांत याचं उत्तर 'नाही' असं निघेल.

इंटरनेटवरून येणारा 4के सिनेमा सेकंदाला साधारण 15 ते 25 मेगाबिट एवढाच असतो, कारण तो दाबून, गुंडाळून पाठवलेला असतो. बॉक्स तो उलगडतो आणि उलगडल्यावर त्याचेच 18 गिगाबिट होतात. सातशेपटीहून जास्त. आपण गादी वरच्या मजल्यावर नेताना काय करतो? गुंडाळतो, खांद्यावर टाकतो, जिना चढतो आणि खोलीत जाऊन पसरतो. पसरलेली गादी जिन्यातून नेत नाही. मग चित्रही गुंडाळलेलंच वर न्या. म्हणजे स्ट्रीमिंगचा छोटा बॉक्स प्रोजेक्टरजवळच ठेवा, त्याला दीड मीटरची एचडीएमआय लावा, आणि राउटरपासून तिथपर्यंत साधी कॅट-6 लॅन केबल (इंटरनेटची तार) न्या. लॅन केबल 100 मीटरपर्यंत कुरकुर न करता काम करते आणि एचडीएमआयच्या मानाने स्वस्त पडते. वाय-फाय तिथे दणकट पोचत असेल तर तिचीही गरज नाही.

सेट-टॉप बॉक्स, गेमचं यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर अशा वस्तू खालीच राहायला हव्यात आणि चित्र वर दिसायला हवं, तेव्हा मात्र लांब केबल लागतेच. दाजींना सेट-टॉप बॉक्स दोन्हीकडे हवा होता, म्हणून आमच्याकडे ती लागली.

प्रकाशाची केबल

10 मीटरच्या पुढे आणि 4के असेल तर माझा कौल ऑप्टिकल एचडीएमआय केबलला आहे. खोक्यावर 'एओसी' लिहिलेलं असतं. दिसायला ती साध्या एचडीएमआयसारखीच, उलट जास्त बारीक आणि मऊ. तिच्या एका टोकाच्या प्लगमध्ये चिमुकली चिप असते, ती विजेच्या बिटांचे प्रकाशाचे लुकलुकाट करते. केसासारख्या काचेच्या तंतूंतून ते जातात आणि दुसऱ्या टोकाची चिप त्यांची पुन्हा वीज करते. काचेत प्रकाश जवळजवळ हरवतच नाही, म्हणून 20, 30, 50 मीटरलाही 18 गिगाबिट आरामात जातात. ओळखपरेडच्या संथ तारा मात्र बहुतेक केबलींमध्ये तांब्याच्याच असतात.

हिला वागवायचं कसं, हे नीट समजून घ्या. ही एकमार्गी आहे. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते बॉक्सला. दुसऱ्यावर 'डिस्प्ले', ते टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला. उलटी लावली तर काहीच दिसत नाही, आणि उलटी गाडली तर काय होईल ते सांगायला नको. हिला काटकोनात मोडू नका. वळण चहाच्या बशीएवढं तरी गोल ठेवा आणि केबल टाय करकचून आवळू नका. प्लगला धरून ओढू नका, ओढायची तर केबलच्या अंगाला दोरी बांधून ओढा. ती कापून आखूड करता येत नाही, म्हणून लांबीची बेरीज बरोबर हवी. प्लगमधल्या चिपना लागणारी वीज बॉक्सच्या एचडीएमआय सॉकेटमधूनच मिळते. काही जुने बॉक्स ती कमी देतात, अशा वेळी यूएसबीने वीज घेणारी शेपटी असलेली केबल कामी येते. आणि टीव्हीचा आवाज याच केबलने उलटा खालच्या साउंडबारकडे आणायचा असेल, तर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' चालतं असं खोक्यावर लिहिलेलं बघूनच घ्या.

तांब्याच्याही चिपवाल्या 'अॅक्टिव्ह' केबली मिळतात. 8 ते 12 मीटरच्या मधल्या अंतराला त्या ठीक आहेत. त्याही एकमार्गीच असतात.

कॅट-6 वरून एचडीएमआय

दुसरी वाट म्हणजे दोन डब्यांची जोडी. एक डबा बॉक्सजवळ, दुसरा टीव्हीजवळ, मधे एकच कॅट-6 केबल. या तंत्रातलं भरवशाचं नाव एचडीबेसटी. एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स या कंपन्यांनी 2010 मध्ये ते सुरू केलं. फुल एचडी चित्र यावरून 100 मीटर जातं. 4के 60 साठी जुन्या पिढीचे डबे चित्र थोडं दाबून पाठवतात. 2021 च्या 3.0 पिढीपासून 18 गिगाबिट न दाबता जातात, पण ते डबे अजून महाग आहेत. एक गैरसमज मात्र नेहमी होतो. तार लॅनची असली तरी आतून जाणारा सिग्नल इंटरनेटचा नसतो. ही केबल राउटरला किंवा नेटवर्कच्या स्विचला जोडायची नाही, एका डब्यातून थेट दुसऱ्या डब्यात न्यायची. अगदी स्वस्तातले 'एचडीएमआय एक्स्टेंडर' बऱ्याचदा चित्र जोरात दाबतात आणि मग आवाज पुढे, ओठ मागे असं होतं. क्रिकेटला ते एक वेळ चालेल, गेमला अजिबात नाही.

इथे केबलची पारख फार महत्त्वाची. बाजारात कॅट-6 म्हणून मिळणाऱ्या स्वस्त गुंडाळ्यांत पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या तारेवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. कारखान्यात नवीन बंडल आलं की मी पहिलं काम करतो ते असं: एक वीतभर तुकडा कापतो, आतली एक तार सोलतो आणि ब्लेडने हळूच खरवडतो. खाली लालसर तांबंच दिसलं तर माल खरा. चांदीसारखं पांढरं दिसलं तर अॅल्युमिनियम. मग तीच तार एका जागी पाच-सहा वेळा मागेपुढे वाकवतो. अॅल्युमिनियमची तार लवकर तुटते. वजनातही फरक कळतो, खऱ्या तांब्याचं बंडल हातात जड लागतं. दुकानदाराला 'प्युअर कॉपर, सॉलिड' असं सांगून बिलावर तसं लिहून घ्या आणि हा प्रयोग त्याच्यासमोरच करा. चांगला दुकानदार स्वतःच ब्लेड काढून देतो.

पाइप

आता जे सांगायचं ते सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो. ताईच्या घरी खरी चूक केबलची नव्हती. वायरमनने भिंतीला झिरी मारून केबल तशीच उघडी आत ठेवली आणि वरून प्लास्टर झालं, ती चूक होती. केबल पाइपात असती तर अर्ध्या तासात बदलली असती. एचडीएमआय पहिल्यांदा आलं 2002 च्या डिसेंबरात. तेव्हापासून तिचं ओझं पाच गिगाबिटवरून 48 वर आणि 2025 च्या 2.2 मानकात 96 वर गेलंय. घर मात्र आपण पन्नास वर्षांसाठी बांधतो. आज घातलेली कुठलीही केबल, कितीही भारी असली तरी, कधी तरी बदलावी लागणारच.

वायरमन साधारण पाऊण इंची पाइप टाकतो. त्यातून विजेच्या तारा जातात, एचडीएमआयचा प्लग जात नाही. त्या प्लगचं प्लास्टिकचं डोकं सुमारे 20 मिलिमीटर रुंद असतं. एक इंची पाइपात सरळ भागात ते कसंबसं सरकतं, पण बेंडला अडकतं. टीव्ही आणि प्रोजेक्टरच्या वाटेला दीड इंची पाइप सांगा. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा, आणि एका ओढीत दोनपेक्षा जास्त बेंड नकोत. जास्त वळणं असतील तर मधे एक बॉक्स सोडा. 230 व्होल्टच्या तारा या पाइपात अजिबात घालू द्यायच्या नाहीत. सुरक्षिततेसाठीही नाहीत आणि सिग्नलसाठीही नाहीत. दोन्ही पाइप शेजारून न्यायचे तर मधे वीतभर अंतर ठेवा आणि एकमेकांना ओलांडायचे तर काटकोनात. पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, दोन्ही टोकांना गाठ मारून. पुढची केबल त्या दोरीनेच ओढली जाईल.

गवंडी आणि वायरमन कामावर असताना स्वतः तिथे उभं राहा. "भाऊ, हा पाइप दीड इंचीच हवा" हे एक वाक्य त्या दिवशी बोललं तर पुढचं सगळं सोपं होतं.

भद्रकाली, पंचवटीकडच्या जुन्या वाड्यांत ही सोय नसते. हात-हातभर जाडीच्या दगड-विटांच्या भिंतींना झिरी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे तुळईच्या कडेने केसिंग पट्टी फिरवा, लाकडाच्याच रंगात रंगवली की डोळ्यात येत नाही. त्या पट्टीत बारीक ऑप्टिकल केबल छान मावते. त्या भिंतींपुढे वाय-फायही दमतं, म्हणून शेजारून एक कॅट-6 पण घालून टाका. उंदरांचा वावर असेल तर पट्टीची टोकं बुजवा.

दिंडोरीकडे, गंगापूर धरणाकडे ज्यांचे मळे आहेत त्यांचा प्रश्न आणखी वेगळा. बंगल्यातून आउटहाऊसपर्यंत, द्राक्षाच्या ओळींच्या कडेने चाळीस-पन्नास मीटर चित्र न्यायचं असतं. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची सिग्नल केबल टाकू नका. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते सगळ्यांनी बघितलंय. वीज जवळपास पडली तरी जमिनीतून आलेला झटका त्या तांब्यातून दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. अशा ठिकाणी निव्वळ काचेची फायबर आणि दोन्ही टोकांना स्वतंत्र वीज घेणारे फायबर एक्स्टेंडर लावा. वर सांगितलेल्या एओसीमध्ये तांब्याच्या तारा असतात, त्यामुळे ती इथे चालणार नाही.

ताईच्या घरी शेवटी भिंत फोडावी लागली नाही. इंटरनेटसाठी वर गेलेली कॅट-6 मात्र वेगळ्या एक इंची पाइपात होती, दोनच बेंडची. सुटे डोके असलेली 20 मीटरची ऑप्टिकल केबल आम्ही आणली. डोकं काढलं की तिचं टोक करंगळीपेक्षा बारीक होतं आणि पाइपात सहज शिरतं. आधी ती अख्खी हॉलच्या फरशीवर पसरली, बॉक्स आणि प्रोजेक्टर शेजारी-शेजारी ठेवून 4के 60 वर दोन तास चालवली. ठिपका एकही नाही. मग जुन्या कॅट-6 च्या खालच्या टोकाला नवी कॅट-6, ऑप्टिकल केबल आणि एक नायलॉनची दोरी अशी तिन्ही टोकं मागेपुढे ठेवून, चिकटपट्टीने निमुळती गुंडाळून बांधली. ऑप्टिकलचं 'डिस्प्ले'चं टोक वर जाणारं आहे ना, हे मी आणि वायरमन दोघांनी वाचून बघितलं. तो वरून ओढत होता, मी खालून टाल्कम पावडर लावत केबल पुढे सोडत होतो आणि दाजी जिन्यात उभे राहून दोघांचा आवाज एकमेकांना पोचवत होते. "सोडा... थांबा... सोडा." दुसऱ्या बेंडला ती क्षणभर अडली, थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली आणि गेली.

भिंतीतली जुनी 15 मीटरची केबल आहे तिथेच आहे, तिच्यावर सीसीटीव्हीचं फुल एचडी चित्र वर दिसतं. नायलॉनची दोरी पाइपातच ठेवलीय. तिच्या टोकाला दाजींनी पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय आणि त्यावर मार्करने लिहिलंय: 'वर प्रोजेक्टर. ओढू नका, जपून ठेवा.'